विसाव्यापर्यंतची वाट

मित्रांनो, मी एक जुना डोंगर आहे. हसू नका. माझ्यावर पाखरं बसत नाहीत, माझ्या झऱ्याने कुणाची तहान भागत नाही आणि मला गुंडाळून, काखेत मारून कुठेही नेता येतं, हे सगळं खरं. मी कागदावर काळ्या शाईने काढलेला डोंगर आहे. तरी मी स्वतःला चित्र म्हणवून घेत नाही. चित्रं बघायची असतात, आणि माझ्यावरून एक बाई कितीतरी वर्षं रोज चालत गेली आहे. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा कागद झाडाच्या सालीचा आणि भाताच्या पेंढ्याचा. माझी शाई चिडाचं लाकूड जाळून धरलेल्या काजळीची. काजळीत सरस घालून घणाने कुटतात, तिची कांडी करतात, मग ती कांडी सहाणेवर पाण्यात उगाळतात. आमच्या, चीनमधल्या ह्वेईचौच्या मुलखात हे सारं घरचंच, त्यामुळे त्याचं कुणाला कौतुक नाही. मला काढलं ते फांग गुरुजींनी. नदीकाठच्या गावात ते शाळामास्तर होते. मोठे चित्रकार वगैरे नव्हते. नवीन वर्षाला लोकांच्या दारांवर लावायला लाल कागदावर शुभ ओळी लिहून द्यायचे आणि कुणी आग्रह केलाच तर बांबूची चार पानं काढायचे, एवढंच.

त्यांच्या बायकोचं नाव सूह्वा. ती डोंगराखालच्या वाडीतली. त्या डोंगराला सगळे 'म्हातारीचा खांदा' म्हणत. सूह्वा लहानपणापासून त्याच्या उतारावर चहाची पानं खुडायची, आणि लग्न होऊन नदीकाठी आली तरी दर वसंतात खुडणीला माहेरी जायची. अशाच एका वसंतात ओल्या दगडावरून तिचा पाय घसरला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. पाठीवर बांधून तिला घरी आणलं, त्यानंतर ती खाटेवरून उठली नाही.

गुरुजींच्या घरातून म्हातारीचा खांदा दिसत नसे. मध्ये दुसरंच एक बुटकं टेकाड आडवं आलेलं. सूह्वा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. भात समोर आला की दोन घास खायची, जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवायची, की झालं जेवण. पोर लहान होती, निंग तिचं नाव. ती आईला हलवून हलवून बोलतं करायला बघायची आणि कंटाळून अंगणात निघून जायची. एक दिवस गुरुजींनी विचारलं, "तुला हवंय तरी काय? एकदा सांगून टाक."

"मला डोंगरावर जायचंय," सूह्वा म्हणाली.

आता आमच्याकडे एक जुनी रीत आहे. ज्याचे पाय थकले त्याने डोंगराचं चित्र टांगावं आणि पडल्या पडल्या हिंडून यावं. पण ती बड्या, शिकल्यासवरल्या म्हाताऱ्यांची रीत. चहा खुडणाऱ्या बाईने ती कधी ऐकलीही नसेल. गुरुजींनी मात्र ऐकली होती. त्याच संध्याकाळी त्यांनी सहाण धुऊन घेतली.

पहिला डोंगर काढून त्यांनी तिच्यासमोर धरला. सूह्वाने मान वळवली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अहो मास्तर, हा डोंगर आहे की उकडलेला पाव?"

किती दिवसांनी ती धड वाक्य बोलली होती! गुरुजींना राग यायचा तर ते हसायलाच लागले. मग रोज शाळा सुटली की खाटेशेजारी टेबल ओढायचं, कागद पसरायचा, आणि हिने पडल्या जागेवरून हुकूम सोडायचे. "पूल असा सरळ नाही, मधे खचलाय. तिथे फळीच नाहीये एक. कापराचं झाड डावीकडे घ्या. डावी-उजवी कळते ना? पोरांना काय शिकवता कोण जाणे." गुरुजी म्हणायचे, "मग तूच काढ की." ती म्हणायची, "मी काढला असता, पण मग तुम्ही काय केलं असतं?" कितीतरी कागद चुलीत गेले. त्यातून शेवटी वाचलो तो मी.

माझ्या पायथ्याशी खचका पूल आहे. पुलावरून वाट कापराच्या झाडाखालून पायऱ्यांना लागते, पायऱ्या झऱ्याशी वळतात आणि झऱ्यावरून चढून विसाव्याला पोचतात. चार खांब, वर कौलं, आत बसायला दगडी बाक. विसाव्याच्या वर गुरुजींनी काहीच काढलं नाही. नुसता कोरा कागद सोडला, तेच धुकं. आणि धुक्याच्याही वर माझा माथा. लोक म्हणतात कोरी जागा सोडणं सगळ्यात अवघड. गुरुजी सांगत की त्यांनी ती जागा सोडली, कारण तिथली वाट दोघांनीही पाहिली नव्हती.

त्यांचं तसं ठरलं होतं. लग्न झालं त्याच वर्षी ठरलं होतं की माथ्यावर जाऊन दोघांनी सूर्योदय बघायचा. सूह्वा एकटी शंभरदा विसाव्यापर्यंत गेली असेल, पण वरचं तिने राखून ठेवलं होतं. या सुट्टीत जाऊ, पुढच्या सुट्टीत जाऊ, असं करता करता गुरुजींचं ते राहूनच गेलं.

"यात माणूस कुठाय?" माझं काम पूर्ण झाल्यावर सूह्वाने विचारलं. "वाटेवर एखादा तरी असतो, काठी घेतलेला."

"मुद्दाम नाही काढला," गुरुजी म्हणाले. "तू जा ना."

मित्रांनो, घरातलं चित्र दर्शनी दालनात, उंचावर टांगतात. मला टांगलं खाटेशेजारी, पार खाली, हात पोचेल असं. आलेगेले पाहुणे चुकचुकायचे. माझ्या खालच्या दांडीला निंगचे पाय लागायचे. मला सुरुवातीला थोडी लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्याच सकाळी सूह्वाने उजवा हात लांब केला, तर्जनी पुलावर टेकवली आणि ती चालू लागली.

रोज सकाळी! बोट अगदी सावकाश सरकायचं. फळी नसेल तिथे ते उचलून पलीकडे ठेवायचं. पायऱ्यांवर एकेक पायरी घ्यायचं. "आज निसरडं आहे," ती निंगला सांगायची. "काल पाऊस झाला ना." नाहीतर म्हणायची, "झऱ्यावर कुणीतरी टोपली विसरून गेलंय." निंग खाटेवर चढून बघायची आणि तिला टोपली दिसायचीसुद्धा. गुरुजी ओरडायचे, "अगं, बोट नको लावू, कागद आहे तो! बिया सोलल्यास ना आत्ता? हात तरी पूस!" आणि सूह्वा म्हणायची, "मग चालू कशी? डोक्यावर?"

विसाव्याला पोचली की बोट बाकावर टेकायचं आणि थांबायचं. तिथून ती हाक मारायची, "मास्तर, मी पोचले. येताय ना? वर जायचंय."

गुरुजी चुलीपाशी असायचे, नाहीतर पोरांच्या वह्या तपासत असायचे, नाहीतर तिचंच धुणं पिळत असायचे. त्या माणसाच्या मागे काय कमी कामं होती? ते तिथूनच म्हणायचे, "तू हो पुढे, मी आलोच."

"छे! पुढे कशी होऊ? दोघांनी जायचंय." मग थोडा वेळ वाट बघून ती हात काढून घ्यायची. "बरं, उद्या."

असे किती 'उद्या' गेले. तिचं बोट त्या कोऱ्या धुक्यात कधी गेलं नाही, एकदाही नाही. इकडे माझी वाट काळपट होत गेली. बियांचं तेल, घाम, चहा, आंबवलेल्या भाजीचं पाणी, सगळं तिथे मुरलं. मग कागद पातळ झाला, त्याला लव सुटली, पायऱ्यांवरची शाई विरली, दोन-तीन ठिकाणी तर आरपार झिजून अस्तर दिसायला लागलं. आणि विसाव्याच्या बाकावर बोटाच्या पेराएवढा एक करडा डाग पडला. दुखलं का, असं विचाराल तर नाही दुखलं. डोंगराची वाट झिजली नाही तर तो डोंगर कसला?

एका हिवाळ्यात सूह्वाला खोकला झाला आणि तो छातीत उतरला. शेवटच्या सकाळी तिचा हात पुलापर्यंतही आला नाही. गुरुजींनी तो धरून ठेवला होता.

ती गेल्यावर गुरुजी माझ्यासमोर बसायचे, पण मला हात लावत नसत. आलुबुखार पिकतात त्या दिवसांतली झड लागली की माझ्यावर बुरशी यायची. कोपऱ्यात कागद खाणारी कसर लागली. एक दांडी निखळली. निंग मोठी झाली, थुनशी शहरात नोकरीला लागली, सणावाराला यायची आणि म्हणायची, "बाबा, हे जरा वर तरी टांगा. नाहीतर गुंडाळून पेटीत ठेवा." गुरुजी ऐकल्यासारखं करायचे आणि चहा ओतायला उठायचे.

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. माझा माथा त्यांना दिसेना, मग विसावा दिसेना, मग मी सगळाच धुकं झालो. तेव्हा मात्र ते रोज सकाळी येऊन हात माझ्यासमोर धरायचे. बोटभर अंतर राखून, न टेकवता. आंधळेपणाने चुकीच्या जागी हात लागला तर तिची खूण पुसेल, ही भीती. आणि हळूच म्हणायचे, "डोळे येऊ देत गं. मग येतो." हे फक्त मला ऐकू जायचं. निंगला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून तिला दोष देऊ नका.

गुरुजींना डोळ्यांच्या ऑपरेशनला शहरात नेलं तेव्हा निंगच्या मनात आलं, बाबांना पुन्हा दिसायला लागेल तेव्हा पहिल्यांदा हाच डोंगर दिसावा, आणि नव्यासारखा दिसावा. लेकीचा जीव तो! तिने मला गुंडाळलं, चादरीत बांधलं आणि थुनशीच्या जुन्या बाजारपेठेत हू उस्तादांकडे नेलं.

हू उस्तादांचं काम जुन्या चित्रांना नवं अस्तर लावायचं. लाल रंग दिलेलं लांबलचक मेज, खळीची पातेली, ताडाच्या केसांचे रुंद ब्रश, आणि भिंतभर वाळत डकवलेली दुसऱ्यांची फुलं-पाखरं. जिभेचं चाक सतत चालू. "काय गं पोरी, चित्र आणलंस की पायपुसणं?" त्यांनी मला उलगडताच विचारलं.

"काका, बाबांचा डोंगर आहे. नव्यासारखा करून द्या. डाग काढा सगळे."

"काढतो की. म्हाताऱ्याला सांग, डोळे आले की डोंगर तयार."

त्यांनी मला मेजावर पसरलं आणि गरम पाणी सोडलं. मित्रांनो, मला ओरडता येत असतं तर तेव्हा ओरडलो असतो. ब्रशखालून पिवळं पाणी निघालं, पातेल्यात चहासारखं जमलं. वाटेवरचा काळा थर निघेना, तेव्हा त्यांनी तिथे पुन्हा पाणी सोडलं, आणि पुन्हा. तिचे सगळे वसंत, बियांचं तेल, पावसाळी सकाळी, सगळं पातेल्यात गेलं. ते पातेलं मग बाहेर गटारात रिकामं झालं.

मग मला पालथं घातलं आणि पाठीवरचं जुनं अस्तर सोलायला घेतलं. चित्राच्या अगदी अंगाला चिकटलेला शेवटचा पापुद्रा असतो, त्याला हे लोक 'प्राणकागद' म्हणतात. तो निघताना चित्र जगतं नाहीतर मरतं. उस्तादांनी तो बोटाच्या टोकाने चोळून चोळून, कणाकणाने काढला. हात सोन्याचा, यात शंका नाही. काढता काढता ते स्वतःशी पुटपुटले, "ही कसर कसली म्हणायची! बरोबर वाटेवरूनच चाललीय. शिस्तीची दिसते." आणि स्वतःच्या विनोदावर हसून त्यांनी भोकांना मागून ठिगळं लावली, नवा प्राणकागद चढवला आणि मला भिंतीवर वाळायला डकवलं.

वाळल्यावर विरलेल्या रेघा जोडायचं काम. पूल नवा झाला. माझ्या खचक्या पुलाला उस्तादांनी एक फळी जास्तच बसवली. झाडाखालची वाट घोटून गुळगुळीत, स्वच्छ झाली. पायऱ्या ठसठशीत उमटल्या. झऱ्याशी येऊन त्यांनी कुंचला शाईत बुडवला, तेवढ्यात निंग दारात आली.

"ये, ये, बघ तुझ्या बाबांचा डोंगर," उस्ताद म्हणाले. "आणि हे बघ, तुमच्या घरची कसर मोठी शहाणी हो! इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण अशी नाही पाहिली. पुलावरून चढली, पायरी पायरीने वर आली, झऱ्यावर वळली, आणि या विसाव्यात जाऊन बसली. वर म्हणून गेली नाही! दमली असणार बिचारी."

निंग माझ्याजवळ आली. विसाव्याच्या बाकावर तो पेराएवढा डाग अजून होता, तिसऱ्या पाण्यालाही तो हटला नव्हता. तिने तो पाहिला. जवळचं स्टूल ओढून ती माझ्यासमोर बसली.

"काका, ती कसर नाही," ती म्हणाली. "ती माझी आई."

उस्तादांना कळेना. तिने हुंदके देत देत सगळं सांगितलं, खाटेचं, बोटाचं, टोपलीचं. "मी कशी विसरले हो? मी खाटेवर बसून बघायचे रोज! मला डाग दिसले फक्त. बाबांनी ते वर टांगलं नाही, पेटीत ठेवलं नाही, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही."

उस्तादांनी कुंचला खाली ठेवला. पायऱ्यांवरच्या नव्या शाईवर त्यांनी बोट घासून पाहिलं. "मी जोडलेलं पुसता येईल का, असं विचारणार असशील, तर नाही," ते शेवटी म्हणाले. "शाई कागदात गेली. पुसायला गेलो तर तुझ्या आईची उरलेली वाटही जाईल. आणि पाण्यात गेलं ते गेलं, पोरी. पण झऱ्याच्या वर मी आता हात लावत नाही."

असा मी घरी आलो. खाली नवा, वर जुना. निंगने मला त्याच खिळ्याला टांगलं, तितकंच खाली. दुपारी गुरुजी आले. ऐंशीला टेकलेला माणूस, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी तो काढला आणि रिकाम्या खाटेच्या कडेवर बसून माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो तशीच निंगही पाहत होती, दाराची चौकट धरून.

"वाट कुणी झाडली?" गुरुजींनी विचारलं.

"बाबा, मी... मला वाटलं डाग आहेत. तुम्हाला नवं दिसावं म्हणून..."

गुरुजींनी काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. निंगने भात तीनदा गरम केला आणि तो तसाच राहिला. मला वाटलं, संपलं. आता मला खरंच पेटीत टाकतील. एका भल्या मुलीच्या मायेने जे धुऊन गेलं, त्याचा राग तरी कुणावर काढणार?

सकाळी मात्र गुरुजी उठले. त्यांनी हात धुतले, टॉवेलने कोरडे केले, खाटेवर बसले आणि तर्जनी माझ्या पुलावर टेकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फळी नव्हती तिथे आता होती, तरी त्यांनी बोट उचलून पलीकडे ठेवलं. झाडाखालून, पायऱ्यांवरून बोट सुळकन सरकत होतं. तिथे तिचं काही उरलं नव्हतं, आणि त्यांच्या बोटाला ते कळत होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना. मग झरा आला आणि बोट अडकलं.

खडबडीत लव होती तिथे. कागद पातळ, तिच्या पेराच्या रुंदीचा. गुरुजींनी डोळे मिटले. अगदी सावकाश, त्या खळगीतून बोट वर सरकत गेलं आणि बाकावरच्या डागावर येऊन थांबलं. तो डाग त्यांच्या बोटाखाली पुरता झाकला गेला.

"आलो गं," ते म्हणाले. "उशीर झाला खरा."

निंग चुलीपाशी उभी राहून रडत होती. गुरुजींनी वळून पाहिलं नाही. थोडा विसावा घेऊन त्यांनी बोट उचललं नाही, वर सरकवलं. सरळ धुक्यात! जिथे वाट काढलेली नव्हती, जिथे कुणाचं बोट कधी गेलं नव्हतं, तिथे. "बाबा, कागद..." निंगच्या तोंडातून निघालं, आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. बोट धुक्यातून वेडंवाकडं चढत चढत माथ्याला पोचलं.

त्यानंतर ते रोज जात राहिले. शेवटी शेवटी निंग त्यांचा हात धरून नेई.

आता दोघेही नाहीत. मी निंगच्या घरी आहे, खाटेशेजारी, खालीच. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. बुरशी पुसा, दांडी निखळली तर बसवा, झडीच्या दिवसांत वारा लागू द्या. पण एखादा डाग काढायच्या आधी, एखादी झीज भरायच्या आधी, घरात विचारा की इथे कुणाचा हात लागत होता. एवढंच माझं मागणं आहे.

मध्यंतरी हू उस्ताद येऊन गेले. वय झालं, पण सवय जात नाही. माझ्यासमोर उभे राहिले, तर धुक्यातून माथ्यापर्यंत गेलेली एक करडी, वाकडी रेघ त्यांना दिसली. "अरे, हा डाग नवा दिसतोय," असं म्हणत त्यांचा हात पिशवीतल्या ब्रशकडे गेला, आणि मग मधेच थांबला. त्यांनी निंगकडे पाहिलं.

"डाग नाही, काका," निंग म्हणाली. "आईबाबा वर गेलेत."